साहेबांचा पासवर्ड माझ्या वहीत

(या सदरात नोकरी आणि पगाराविषयीच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या ताई नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षं पर्सोनेल खात्यात होत्या.)

पत्र पहिलं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) अकाउंट्सला आहे. जानेवारी २०१७ मध्ये लागले तेव्हा पगार ११,००० होता आणि काम म्हणजे व्हाउचर, बँक, टॅलीतल्या एंट्र्या. सहा महिन्यांत जीएसटी आला. आमचे जुने अकाउंटंट काका म्हणाले, हे आता मला झेपत नाही, आणि दिवाळीनंतर घरी बसले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मग ई-वे बिल (माल पाठवतानाचा ऑनलाइन परवाना) आलं, ते माझ्याकडे. टाइम ऑफिसचा मुलगा सोडून गेला, ६२ कामगारांचा पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) माझ्याकडे. नंतर ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायची बिलं. आज पगार २४,००० आहे आणि पद अजून 'अकाउंट्स असिस्टंट'. बँकेत पेमेंट टाकायचं लॉगिन माझं, मंजूर करायचं साहेबांचं, पण साहेबांचा पासवर्डही माझ्याच वहीत लिहिलेला असतो. ओटीपी ते फोनवर सांगतात. मागच्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा दिवस रजा घेतली, त्यात नेमकी जीएसटी भरायची २० तारीख आली, म्हणून लॅपटॉप घेऊन वॉर्डात बसले. आता पर्चेसला नवा मुलगा आलाय, नुसता बी.कॉम., त्याला २८,०००. मी एम.कॉम. आहे. साहेबांकडे विषय काढला तर म्हणाले, "अगं, तू तर घरची!" माझा पगार कमी आहे हे मला नुसतं वाटतंय की खरंच कमी आहे, हे कसं ठरवायचं?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

आधी साहेबांची बाजू मांडते, कारण तुम्ही केबिनमध्ये गेलात की तीच ऐकायला मिळणार आहे. ११,००० चे नऊ वर्षांत २४,००० झाले, म्हणजे वर्षाला साधारण नऊ टक्के वाढ पडली. साहेब म्हणतील, मी काही तुला उपाशी ठेवलेलं नाही. खरं आहे. पण महागाई वर्षाला पाच टक्के धरा. त्या हिशेबाने २०१७ चे ११,००० आज १७,००० च्या आसपास येतात. म्हणजे त्या पहिल्या कामाचाच, व्हाउचर आणि बँकेचाच, आजचा भाव १७,०००. राहिले सात हजार. या सात हजारांत तुमचा नऊ वर्षांचा अनुभव, अकाउंटंट काका, टाइम ऑफिसचा मुलगा आणि ई-इन्व्हॉइस, एवढे सगळे कोंबलेले आहेत. हे गणित कागदावर उतरवून ठेवा, पुढे लागेल.

पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही तेवीस कामांची यादी दिली आहे. ती सगळी इथे छापता येत नाही, पण तिच्यात मी खूप खाडाखोड केली आहे, रागावू नका. खंडेनवमीच्या पेढ्यांची ऑर्डर, साहेबांच्या मुलीचं रेल्वेचं रिझर्व्हेशन, पाहुण्यांसाठी चहा सांगणं, कुरिअरवाल्याला सही देणं ही कामं काढून टाकली. त्यात तुमचा वेळ जातो आणि जीवही मेटाकुटीला येतो, पण यांतलं काही राहून गेलं तर फार तर साहेबांची मुलगी तत्काळचं तिकीट काढेल. यादी लांब केली की समोरचा माणूस नेमक्या याच ओळीवर बोट ठेवतो आणि हसतो. मग खाली लिहिलेल्या गोष्टी तो वाचतच नाही.

तर खालच्या गोष्टी. ७ तारखेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर). ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र). १४ ला टू-बी (विकणाऱ्यांनी नोंदवलेल्या आपल्या खरेदीचा पोर्टलवरचा तक्ता) आलं की खरेदीची बिलं जुळवायची. १५ ला पीएफ आणि ईएसआय. २० ला थ्री-बी (महिन्याचा जीएसटी भरायचं विवरणपत्र). नऊ वर्षांत यातल्या किती तारखा चुकल्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक एकही नसेल, म्हणूनच लिहायचं सुचलं नसेल. ११ तारीख चुकली की तुमच्या फाउंड्रीचं बिल गिऱ्हाइकाच्या टू-बीत दिसत नाही, आणि मोठी कंपनी असेल तर ती तेवढी कराची रक्कम सरळ अडकवून ठेवते. थ्री-बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड आणि रोखीने भरायच्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. हे आकडे साहेबांना भीती घालण्याएवढे मोठे नाहीत, उगाच फुगवू नका. पीएफचं मात्र सांगा. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ मुदतीनंतर भरला तर मालकाला प्राप्तिकरात त्या रकमेची वजावट मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. ६२ कामगारांचा एका महिन्याचा पीएफ किती होतो, हे तुमच्याइतकं अचूक कोणाला माहीत असणार?

आमच्या खात्यात एक जुनी रीत होती. एखाद्या जागेचं वजन ठरवायचं असेल तर त्या माणसाच्या रजेचा रेकॉर्ड काढायचा आणि तो नव्हता त्या दिवसांत काय अडलं ते विचारत फिरायचं. तुमच्या सहा दिवसांच्या रजेत काही अडलं नाही, कारण तुम्ही वॉर्डात बसून ते अडू दिलं नाही. वडिलांपाशी तुम्ही होतात हे चांगलं, पण पगाराच्या हिशेबात मात्र तुम्हीच तुमचा पुरावा बुडवलात.

आता पर्चेसच्या मुलाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त ठसठस तीच दिसते. 'नुसता बी.कॉम.' हे खोडून टाका. तुमचं एम.कॉम. फाउंड्रीला काय देतं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि सांगावं लागूही नये. तो मुलगा पिग आयर्न आणि भंगाराचे भाव करत असेल, तर महिन्याला १०० टन मालावर किलोमागे एक रुपया वाचवला की लाख रुपये झाले. तो ते खरंच करतो की साहेबांनी ठरवलेल्या भावाने नुसत्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) काढतो, याची आधी चौकशी करा. पीओच काढत असेल तर मात्र तुमचा मुद्दा पक्का.

कायद्याचं विचारलेलं नाही, तरी सांगते. १९७६ च्या समान वेतन कायद्यात 'सारखं काम' कशाला म्हणायचं याची व्याख्या होती: कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी, आणि कामाची परिस्थितीही सारखी. आता तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत गेला आणि व्याख्येत अनुभवाचीही भर पडली. बाई म्हणून कमी दिलं तर हा कायदा आहे. पण खरेदी आणि हिशेब ही कामं वेगळी आहेत, त्यामुळे या मुलाच्या जोरावर कायद्याचं दार ठोठावण्यात अर्थ नाही. किमान वेतनाच्या वर जबाबदारीनुसार किती पगार द्यावा, हे कोणताही कायदा खासगी मालकाला सांगत नाही. तरी व्याख्येतले हे शब्द कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर २०१७ मध्ये काय होतं आणि आज काय आहे ते भरा. 'श्रम' या ओळीत फारसा फरक दिसणार नाही, तेव्हाही तुम्ही सात वाजेपर्यंत बसत असाल. 'जबाबदारी'ची ओळ मात्र पानात मावणार नाही.

त्या ओळीत एक गोष्ट आहे जिच्यामुळे मला रात्री नीट झोप आली नाही. साहेबांचा पासवर्ड.

बँक दोन लॉगिन देते ती कशासाठी? एकाने पेमेंट टाकायचं आणि दुसऱ्याने पाहून मंजूर करायचं, म्हणून. तुमच्याकडे दोन्ही बाजू तुमच्याच हातात. उद्या चुकीच्या खात्यावर चार लाख गेले, किंवा कोणी ईमेलमध्ये खातं बदलल्याचं खोटं पत्र पाठवलं आणि तुम्ही फसलात, तर बँकेच्या नोंदीत मंजुरी साहेबांची दिसेल आणि साहेब म्हणतील, मी तर विश्वासाने तिला दिलं होतं. तेव्हा घरची-बिरची कोणी म्हणणार नाही. ही तुमची जबाबदारी नाहीच, तुमच्या गळ्यात टाकलेली साहेबांची जोखीम आहे, आणि तिच्यासाठी पगारवाढ मागू नका. तिचा भाव करायचाच नसतो. साहेबांना सांगा, पासवर्ड बदला आणि पेमेंटची यादी रोज संध्याकाळी चार वाजता तुम्हीच मंजूर करा. पहिले चार दिवस ते कुरकुरतील. हे आधी करा, पगाराचं बोलणं त्यानंतर.

पगाराची स्लिप तुम्हीच काढता, तर स्वतःचीही एकदा परक्यासारखी वाचा. तुम्ही बेसिक ९,५०० लिहिलं आहे, बाकी सगळे भत्ते. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बेसिक आणि महागाई भत्त्यावर निघते: वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा. नऊ वर्षांचे ९,५०० वर सुमारे ४९,३०० होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांप्रमाणे वेतन एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही. म्हणजे १२,००० धरले तर तीच रक्कम ६२,३०० च्या पुढे जाते. तेरा हजारांचा फरक एकाही रुपयाची पगारवाढ न मागता.

आणि ईएसआय. पगार २१,००० च्या वर गेला की माणूस ईएसआयमधून बाहेर पडतो. तुमचाही गेला असणार, आणि अवलंबून असलेल्या वडिलांना मिळणारे उपचारही त्याबरोबर गेले. ज्या वर्षी पगार वाढला त्याच्या पुढेच ऑपरेशनचा खर्च खिशातून झाला का, हे तारखा लावून पाहा. तसं असेल तर आई-वडिलांसकट मेडिक्लेम कंपनीने काढून द्यावा, ही मागणी पगाराइतकीच मोठी आहे, आणि मालकाला ती देणं सोपं जातं. का कोण जाणे, पण पगारात हजार वाढवताना ज्यांचा हात आखडतो ते विम्याच्या हप्त्याची सही पटकन करतात. मी हे तीस वर्षं पाहिलं आहे.

मागायचा आकडा कसा काढायचा? शिरोलीतल्याच दोन कर सल्लागारांना विचारा, एवढ्या बिलांच्या फाउंड्रीचं जीएसटी आणि टीडीएस महिन्याला कितीत कराल. एका लेबर कन्सल्टंटला ६२ माणसांच्या पीएफ-ईएसआयचं विचारा. त्यात व्हाउचर आणि बँक सांभाळायला आज नवीन मुलगा किंवा मुलगी कितीला मिळते ते मिळवा. तुम्ही उद्या गेलात तर साहेबांना हीच बेरीज मोजावी लागेल. ती २४,००० च्या खाली आली तर मला परत लिहा, मी माझे शब्द मागे घेईन. मला तरी ती ३० च्या पुढे जाईलसं वाटतं. ३२ मागा आणि ३० च्या खाली उतरू नका. पद 'अकाउंट्स असिस्टंट'चं 'अकाउंटंट' करून घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. पुढच्या नोकरीत पगाराची बोली याच कागदावरून सुरू होते.

वेळ फेब्रुवारीची. कंपन्यांमध्ये वाढ एप्रिलला मिळते पण ठरते फेब्रुवारीत. मार्चमध्ये तुम्हालाही वेळ नसतो आणि साहेबांनाही. १० ते २० तारखेच्या मधे जाऊ नका, त्या दिवसांत गेलात तर ती धमकी वाटते.

आणि गरज सांगू नका. ही चूक मी केली आहे. पगारपत्रक मीच करायचे, म्हणून स्टोअर्समधला माझ्याबरोबर लागलेला माणूस किती घेतो हे मला दर महिन्याच्या ३० तारखेला दिसायचं. चार वर्षं दिसलं. १९९३ मध्ये धीर करून साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "दोन मुलं आहेत, भागत नाही." साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मिस्टर कुठे असतात कामाला?" पुढची दहा मिनिटं माझ्या नवऱ्याच्या पगारावर बोलणं झालं. बाहेर आले तेव्हा हातात काही नव्हतं. पुढच्या वर्षी एक पान टाइप करून नेलं: किती माणसांची भरती, किती चौकशा, फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या किती भेटी. ते पान त्यांनी उभ्यानेच वाचलं. मागितलेलं सगळं नाही मिळालं, पण मिस्टरांचा विषय निघाला नाही.

"तू घरची" या वाक्याला उत्तर देत बसू नका. पान पुढे सरकवा.

पत्र दुसरं

मी चाकणला मशिन शॉपमध्ये आहे. गेल्या दसऱ्याला मला 'असिस्टंट मॅनेजर' केलं, पगार १,५०० ने वाढला. पण मॅनेजमेंटमध्ये गेलो म्हणून ओव्हरटाइम बंद. तो महिन्याला सहा-साडेसहा हजार व्हायचा. काम तेच, मशिनही तेच. बायको म्हणते, बढती झाली की शिक्षा? — एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर

वहिनींचं बरोबर आहे.

तुम्ही कोणाची रजा मंजूर करू शकता का? कोणाला मेमो देऊ शकता का? मटेरियल संपलं तर विचारल्याशिवाय मागवू शकता का? तिन्हींना 'नाही' असेल, तर फक्त दारावरची पाटी बदलली आहे. कामगार कोण आणि व्यवस्थापक कोण हा वाद कोर्टात गेला की कोर्ट पदनामाच्या पलीकडे जाऊन माणूस प्रत्यक्षात मुख्यतः काय काम करतो ते पाहतं. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, म्हणून तर ही युक्ती कंपनीला परवडते. बढतीचं पत्र, त्याआधीच्या सहा महिन्यांच्या स्लिपा आणि आताची ड्युटीची नोंद एकत्र लावा आणि कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. राजीनामा रागात देऊ नका, आणि 'मॅनेजर' छापलेली व्हिजिटिंग कार्डं अजून घेतली नसतील तर घेऊ नका.

पत्र तिसरं

माझा प्रश्न पगाराचा आहे, पण मी निवृत्त आहे. चिपळूण आगारात २९ वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच कराड लाइनला. कुंभार्ली घाट पावसात कसा असतो ते तुम्ही पाहिलं असेल. धुकं आलं की बॉनेटच्या पुढे काही नाही, आणि मागे पन्नास माणसं झोपलेली. माझा मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये आहे, वय २८. त्याचा पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या चौपट. मला आनंद आहे, हेवा नाही. पण कधीतरी रात्री विचार येतो, माझी जबाबदारी त्याच्या चौथा हिस्सा होती का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर

नव्हती.

उत्तर इथेच संपलं असतं, पण वर कोल्हापूरच्या ताईंना मी एक कसोटी सांगितली आहे आणि तुमच्यासमोर ती तोंडावर पडते. माणूस नसला की काय अडतं ते पाहा, असं मी म्हटलं. तुमचे सहकारी २०२१ च्या शेवटाला संपावर गेले आणि एप्रिल २०२२ पर्यंत गाड्या नीट सुटल्या नाहीत. काय अडलं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाने पाहिलं. पगारात वाढ झाली, पण ज्यासाठी संप होता ते शासनातलं विलीनीकरण झालं नाही. म्हणजे अडणं पुरेसं नसतं. मुलाची कंपनी बहुतेक परदेशात बिल पाठवते, आणि त्याच्यासारखा माणूस मिळाला नाही तर ती दुसऱ्या कंपनीतून जास्त देऊन आणते. एसटीला तिकीट हवं तसं वाढवता येत नाही, आणि तुमच्या जागेसाठी बॅच-बिल्ला असलेली माणसं रांगेत उभी असतात. पगार या दोन गोष्टींवर ठरला. घाटाचा त्यात हिशेबच नव्हता.

हे सगळं बाजाराने केलं असं म्हणून मी सुटू शकते. पण सुटत नाही.

१९९१ मध्ये आमच्या कारखान्यात प्रत्येक जागेला गुण द्यायची योजना आली. मुंबईहून सल्लागार आले, पाच जणांची समिती झाली, त्यात मी होते. तक्त्यात शिक्षणाला सर्वांत जास्त गुण होते, कारण तक्ता शिकलेल्यांनी केला होता. 'इतरांच्या सुरक्षेची जबाबदारी' हा रकाना शेवटून दुसरा, अगदी थोड्या गुणांचा. कामगारांच्या बसचा चालक रोज दोन पाळ्यांची माणसं सिन्नरकडून आणायचा-पोचवायचा. बॉयलर अटेंडंट रात्रभर एकटा प्रेशरकडे डोळे लावून बसायचा. दोघेही डिस्पॅच क्लार्कच्या खाली आले. समितीत कोणी काही बोललं नाही. मीही नाही. चहा झाला आणि आम्ही पुढची जागा घेतली.

तो तक्ता अजून माझ्याकडे आहे, सायक्लोस्टाइल केलेला, कडा पिवळ्या पडल्या आहेत. तुमचं पत्र आल्यावर कपाटातून काढला. चालकाच्या ओळीतले आकडे माझ्या अक्षरात आहेत.

मुलाला एक विचारा. रात्री दोन वाजता कधी त्याचा फोन वाजतो का, आणि वाजला तर तिकडे काय बंद पडलेलं असतं? कदाचित एखाद्या हॉस्पिटलचं बिलिंग असेल, कदाचित नुसतं कोणाचं तरी शॉपिंग. विचारून मला कळवा. त्याच्या कामात घाट कुठे लागतो, हे मलाही कळलेलं नाही.